गवताचं मैदान आणि मी

कोणी माझ्याशी विनाकारण गोड बोललं की माझा हात आपोआप पर्सवर जातो. नाशकात शेजारीण उसनी साखर परत करायला आली तरी मी मनात म्हणायचे, आज परत करतेय, उद्या काय मागणार आहे ही बया? तर अशा माझ्या दारात, कतारमध्ये, अबू हमूरमधल्या यांच्या कंपनीच्या कॉलनीत, एक उंच गोरी बाई उभी राहते आणि हसून विचारते, "तुम्ही आमच्या टीममध्ये खेळाल का?" मला काय वाटलं असेल सांगा!

मला कतारला येऊन वर्षही झालं नव्हतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची आणि बाकीचे दिवस एसीचा आवाज ऐकण्यात जायचे. गाडी नाही तर इथे माणूस लुळं, आणि मला गाडी येत नव्हती. पण म्हणून कोणीही येऊन काहीही विचारावं?

"कसली टीम?" मी दारातूनच विचारलं.

"रग्बी लीग. बायकांची."

मी तिला आत घेतलं, चहा दिला. ती उत्तर इंग्लंडातली, इथे अल गराफाच्या एका शाळेत पीटी शिकवायची. तिच्या गावात पुरुषांचा जुना क्लब होता. बायकांनी तिथे सँडविच करायची आणि चिखलाच्या जर्सी धुवायच्या. एक दिवस ही आणि हिच्या मैत्रिणी त्याच धुतलेल्या जर्सी अंगात घालून मैदानात उतरल्या. गावात बोंबाबोंब झाली, पण पुढे त्यांचा स्वतःचा क्लब उभा राहिला. सगळ्याजणी दिवसा नोकऱ्या करायच्या आणि संध्याकाळी खेळायच्या. "एक दिवस या खेळाचा पगार मिळेल बायकांना," ती म्हणाली. मी मान हलवली. मला वाटलं, छान गोष्ट रचलीय.

मग तिने खेळ समजावला. तेरा विरुद्ध तेरा. लांबट चेंडू घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरायचं. सहा वेळा धरली गेली की चेंडू दुसऱ्यांचा. "खरं तर सगळा खेळ पकडण्याचा आहे," ती म्हणाली, "आणि तुम्हाला पकड येते, असं ऐकलंय."

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. मी लग्नाआधी कबड्डी खेळायचे, डावा कोपरा. घोटा धरला की समोरची तिथेच. पण लग्न झालं आणि खलास. कॉलनीत मी हे कोणाला म्हणजे कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

"कोणाकडून ऐकलंत?"

"असंच," ती म्हणाली आणि उरलेला चहा एका घोटात प्यायली.

संध्याकाळी यांना विचारलं. हे कंपनीच्या कॉलनी-देखभाल विभागात होते, घरं, नळ, दिवे, मैदान सगळं यांच्याकडे. "अहो, त्या बाईला माझी कबड्डी कशी माहीत?" हे टीव्हीकडे बघत म्हणाले, "असेल बोललं कोणीतरी. जा की. तेवढीच बाहेर पडशील." एरवी हा माणूस माझ्या प्रत्येक प्रश्नावर तोंडाकडे बघून उत्तर देतो. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तिथेच कळलं.

तरी गेले. का गेले? कारण पाय शिवशिवत होते, दुसरं काय!

सराव आमच्याच कॉलनीच्या मैदानावर होता, आणि ती गोरी बाईच आमची कोच. हिरवंगार गवत, भोवती उंच भिंत. टीममध्ये शिक्षिका, नर्सा, विमानातल्या पोरी. त्यात एकजण रत्नागिरीची, इथल्या हॉस्पिटलात नर्स. पायघोळ ट्रॅकपँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, स्कार्फ कॉलरमध्ये घट्ट खोचलेला. माझं मराठी ऐकून तिने मला मिठीच मारली. क्लबची कहाणी मला तिने सांगितली. आधी या सगळ्या अल गराफाच्या शाळेच्या मैदानावर खेळायच्या. तिथे नवीन मुख्याध्यापक आले आणि मैदान बंद झालं. मग मुऐदरच्या एका उघड्या प्लॉटवर खेळल्या. तिथे सगळी खडी, गुडघे सोलून निघायचे, आणि भोवती गाड्या लावून लोक हॉर्न वाजवत बघत बसायचे. मग वैतागून तेही सोडलं. कित्येक महिने टीम होती आणि जागा नव्हती. या क्लबचा इतिहास म्हणजे हातची मैदानं जाण्याचा इतिहास होता.

"मग हे मैदान कसं मिळालं?" मी विचारलं.

ती खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी बांधलेलीच होती. "मिळालं गो. अल्लाची मेहेरबानी."

माझ्या डोक्यात मात्र नोंद झाली.

पहिल्याच दिवशी मी माझी शोभा करून घेतली. एकीने चेंडू माझ्या हातात दिला आणि ओरडली, पळ! मी पळाले. समोरच्या दोघींना हुलकावणी दिली, तिसरीच्या खांद्याला हात लावला, गर्रकन वळले आणि सुसाट माघारी, आमच्याच बाजूला, मधल्या रेषेपार येऊन छाती पुढे काढून उभी राहिले. गडी बाद करून सुखरूप घरी! सगळ्याजणी पुतळ्यासारख्या उभ्या. रत्नागिरीकरीण मात्र गवतावर बसून पोट धरधरून हसत होती. "अगो, परत कशाला आलीस? हितं पुढेच जायचं असतं!"

ती खोड दोन सरावांत गेली. दुसरी जाईना. या खेळात समोरचीला धरून खाली पाडली की पंच सांगतो, झालं, सोडा. मग लगेच सोडायचं, तिला उठू द्यायचं, ती पायाने चेंडू मागे सरकवते आणि खेळ पुढे चालू. मला ते सोडणंच जमेना. आमच्या कबड्डीच्या सरांनी आम्हाला शिकवलं होतं, समोरचीचा दम सुटेपर्यंत हात सुटता कामा नये, वरून छप्पर कोसळलं तरी. पंच ओरडतोय, शिट्टी वाजवतोय, आणि मी घोटा धरून पडलेली. दर वेळी आमच्यावर पेनल्टी.

आणि इथेच माझा संशय पक्का होत गेला. कारण कोचबाई मला कधी रागवायचीच नाही. विमानातल्या एका पोरीने एकदा, फक्त एकदा, चेंडू पाडला तर तिला असं झापलं की भिंतीपलीकडच्या खिडक्या उघडल्या. रत्नागिरीकरणीला तर रोजचाच प्रसाद. आणि मी दर सरावाला टीमला खड्ड्यात घालत होते तरी मला काय? "गुड ट्राय, गुड ट्राय." वर खांद्यावर थाप!

नाशकात आमचे सर ज्या पोरीला बोलायचे नाहीत, ती पोरगी संघात नाही असंच आम्ही समजायचो. ज्या पोरींकडून त्यांना खेळ हवा असायचा त्यांना ते अक्षरशः रडवायचे. मी तीन वर्षं रडले आणि तीन वर्षं खेळले. म्हणून त्या 'गुड ट्राय'ने माझ्या अंगाची आग व्हायची. त्यात मी जवळ गेले की कोचबाई आणि बाकीच्या बोलता बोलता गप्प व्हायच्या. रत्नागिरीकरणीला मी खोदून खोदून विचारलं. "किती संशय घेतेस गो तू!" म्हणून तिने विषय उडवला.

मग एके दुपारी जेवताना यांच्याच तोंडून निसटलं. बहारीनहून एक टीम सामना खेळायला येणार होती, त्याबद्दल मी बोलत होते. हे म्हणाले, "बाहेरची टीम आली तरी अडचण नाही. कॉलनीतली एक बाई टीममध्ये असली की मैदान देता येतं. नियमच आहे तो."

माझा हात भाताच्या पातेल्यावर थांबला.

"म्हणजे?"

यांना कळलं, पण उशीर झाला होता. मग सगळं बाहेर आलं. ती बाई आधी यांच्या ऑफिसात गेली होती, मैदान मागायला. हे म्हणाले, बाहेरच्यांना देता येत नाही, कॉलनीतलं कोणीतरी हवं. आणि मग यांनीच माझं नाव सुचवलं, कबड्डीसकट. "अगं, तू घरात कुढत बसलेली असायचीस. मला वाटलं, तुझंही भलं, त्यांचंही."

"मैदानाबरोबर फुकट दिलीत मला! साबणावर चमचा देतात तशी!"

हे हसले. ते हसायला नको होतं. तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते मला त्या दिवशी समजलं. दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. वाढायचे, उठायचे. मनात एकच घोळत होतं. त्यांना मी हवी आहे की गवत? गवत असेल तर आत्ता सांगा, मी घरी बसते. पण खेळणारी म्हणून मी कोणाला हवी असेन, ही आशा काही मेल्या मनातून जाईना. तिचाच जास्त राग येत होता.

सामन्याच्या दिवशी मी सरळ कोचबाईसमोर उभी राहिले. माझं इंग्रजी रागात फार सुधारतं. विचारलं, "मैदानासाठी घेतलंत ना मला?"

तिचा चेहरा लाललाल झाला. वाटलं होतं, छे छे करेल. ती म्हणाली, "हो. त्या वेळी त्यासाठीच."

"आणि आता?"

तेवढ्यात पंचाची शिट्टी झाली आणि ती बाजूला पळाली. प्रश्न तसाच राहिला.

मी चिडून खेळले. चिडलेली मी बरी खेळते. बहारीनच्या पोरी माझ्या कोपऱ्याकडे यायच्या आणि धाडकन आडव्या व्हायच्या. शेवटची मिनिटं राहिली तेव्हा आम्ही थोडक्यात पुढे होतो. त्यांची सगळ्यात दांडगी पोरगी चेंडू घेऊन माझ्या अंगावर आली. मी घोटा धरला. पडली. पंच ओरडला. आणि मी सोडलं! पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, सांगितल्याबरोबर हात सुटला. मी उठून बाजूला उभी राहिले आणि स्वतःच्या रिकाम्या हातांकडे बघत बसले. वा, जमलं की! तोवर ती उठली होती, चेंडू मागे सरकवला होता, आणि तिच्या मागची एक चिमुरडी चेंडू उचलून माझ्या बाजूने, अगदी मी उभी असायला हवी होते तिथून, पार रेषेपलीकडे गेली होती.

हरलो. माझ्यामुळे हरलो. मी कोचबाईकडे बघितलं. बोल ना, आता तरी बोल! ती आली, खांद्यावर थाप मारली. "गुड ट्राय."

मिळालं माझं उत्तर, म्हटलं. घरी येऊन मी बूट माळ्यावर टाकले.

पुढच्या आठवड्यात हे ऑफिसातून आले ते तोंड पाडून. कंपनी मैदानाच्या जागेवर नवीन घरं बांधणार होती. भिंतीला मोठं भगदाड पाडून आत बुलडोझर गेलासुद्धा. "मी प्रयत्न केला गं," हे म्हणाले. यांची मला दया आली, पण मी म्हटलं, "बरं झालं. गवत गेलं, आता बायकाही जातील."

गुरुवार आला. मी कोणाची वाट बघत नव्हते. फक्त दुपारी झोप येईना म्हणून पोहे केले, आणि बूट धूळ खाताहेत म्हणून माळ्यावरून काढले. दुपार कलली, अस्रची अजान झाली. सरावाची वेळ टळत चालली. हे पेपराआडून माझ्याकडे बघत होते आणि मी बघितलं की पेपर वर करत होते.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. आधी एकदा, मग हात काढायलाच विसरल्यासारखा. मी गॅलरीत गेले. खाली कोचबाईची खटारा जीप. मागे रत्नागिरीकरीण, मांडीवर चेंडू. आणि कोचबाई खिडकीतून अर्धी बाहेर येऊन माझ्या नावाने ओरडत होती.

"अजून वरच आहेस? किती वेळ थांबायचं आम्ही? आणि त्या दिवशी काय करत होतीस? सोडल्यावर तिच्यासमोर उभं राहायचं असतं, समोर! बाजूला उभी राहून हात कसले बघतेस? किती वेळा शिकवलंय? डोकं कुठे असतं तुझं? तुझ्या एकटीमुळे हरलो आपण, एकटीमुळे!"

कॉलनीतल्या खिडक्या उघडायला लागल्या. हे घाबरून गॅलरीत आले. "अगं, काय झालं? भांडायला आलीय का ती?"

"नाही हो," मी म्हटलं, आणि बूट हातात घेऊन जिना उतरले.

जीप निघाली तरी तिचं चालूच. पहिल्या सरावापासूनच्या सगळ्या पेनल्ट्या तिला पाठ होत्या, एकेक काढून माझ्या पदरात घालत होती. रत्नागिरीकरीण माझ्या कानाशी वाकली. "इतके दिवस दाबून बसली होती बिचारी. तू रागावून घरी बसलीस तर मैदान जाईल म्हणून आम्हालाही तंबी होती. आता काय, मैदानच नाही! यल्ला, चल, ऐक आता."

"पण आपण चाललोय कुठे?"

"मुऐदरला. जुन्या प्लॉटवर. आधी दगड वेचायचे आहेत."

माझा स्वभाव, काय करू! मनात आलंच, दगड वेचायला हात कमी पडत असतील म्हणून तर नसतील आल्या? पण पुढच्या सीटवरची बाई सिग्नलला थांबली, मान वळवून माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि कोपरा सोडून मध्ये कशाला येतेस सारखी?" आणि परत सुरू झाली.

मी खिडकीकडे तोंड केलं आणि मुऐदर येईपर्यंत रडले.