आमटीतली माती

नालवोगाच्या स्वयंपाकाला आमच्या गावात कुणी स्वयंपाक म्हणत नसे. "आज काय गोंधळ घातलास?" असंच विचारत. आणि गोंधळच असायचा तो. भोपळ्यात सुकट, राजम्यात कैरी. फणसाच्या आठळ्या उकडून कुटायच्या, तुपात परतायच्या आणि चहाबरोबर खायच्या. कालच्या रताळ्यावर अवोकाडो कुस्करायचा आणि वर मीठमिरची, नाहीतर साखर, हाताला जे आधी लागेल ते. मोजमाप नाही, पद्धत नाही, चव घेऊन बघणं नाही. शेजारचा सालोंगो कुंपणावरून ओरडायचा, "ए बाई, माझी एक चप्पल सापडत नाहीये, तुझ्या पातेल्यात बघ जरा!" आणि अर्ध्या तासानं ताटली घेऊन हाच बाबा पहिला हजर.

"तोंड बघा! नावं ठेवायला पुढे आणि चाटायला त्याहून पुढे," असं म्हणत नालवोगा त्याला वाढायची.

पण तिच्या दाण्याच्या आमटीला मात्र कुणी नावं ठेवली नाहीत. तशी दाण्याची आमटी इथे घरोघरी होते. दाणे कुटायचे, केळीच्या पानात बांधून वाफवायचे आणि मटोकेवर, म्हणजे उकडून चेचलेल्या हिरव्या केळ्यांवर ओतायचे. नालवोगाच्या आमटीत आणखी एक चिमूट काळपट पूड पडायची. पावसाच्या सुरुवातीला वारुळांवर बारीक अळंबी उगवते, ती वेचून, उन्हात कडकडीत वाळवून, उखळात कुटून ती डब्यात भरून ठेवायची. तिची एकुलती एक लेक, प्रोस्कोविया, या आमटीवर जीव टाकायची. लहानपणी पातेलं चाटताना डोकंच आत घालायची ती.

आणि नशीब बघा, लग्न ठरलं ते नेमकं अळंबीच्या कुळात. आमच्याकडे ज्या कुळाचं जे देवक, ते त्यानं तोंडात घालायचं नाही. खाल्लं तर अंगावर फोड येतात, दात पडतात आणि कूळ पाठ फिरवतं ते वेगळंच. नालवोगाचं स्वतःचं देवक मांबा मासा. साठीला आली बाई, पण त्याचा तुकडा चाखणं सोडाच, बाजारात तो दिसला तरी वाट वाकडी करून जायची. सून दुसऱ्या कुळाची असते, तिला बंधन नाही, पण नवऱ्याच्या घरात त्याचं देवक शिजवणार कोण? प्रोस्कोविया माहेरी आली की दोन दिवस आमटी ओरपून जायची, बस्स. मुलं मात्र बापाच्या कुळाची. त्यांना सूट नाही.

प्रोस्कोविया तापानं गेली तेव्हा तिची केवीना चार वर्षांची होती. बाप देओ तळ्यावर मासळीचा धंदा करायचा, आज या धक्क्यावर तर उद्या त्या. "थोडे दिवस ठेवून घ्या, आई," म्हणाला आणि पोरीला आजीकडे सोडून गेला.

पोर खाईना. रडायचीही नाही, नुसती दारात बसून राहायची. नालवोगानं आपलं सगळं भांडार तिच्यापुढे रिकामं केलं. केळ्याचे गोड वडे झाले, दुधात कुस्करलेलं रताळं झालं, अननसात घोळवलेली कलेजीसुद्धा झाली. दोन घास खाल्ले की तोंड फिरवायची. तीन आठवड्यांत बरगड्या मोजता येतील अशी झाली. मग एका दुपारी नालवोगा आमटी करत होती. लक्ष कुठे होतं देव जाणे. इतक्या वर्षांची सवय, हात आपसूक डब्यात गेला आणि चिमूट आमटीत पडली. केवीना जवळ बसली होती. तिनं बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाली, "अजून."

ताटली पुसून खाल्ली पोरीनं. नालवोगाच्या डोळ्यांना धारा लागल्या. अगदी प्रोस्कोवियाच बसली होती समोर, तसंच डोकं खाली घालून. पोर झोपली, भांडी घासायला घेतली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हातातलं पातेलं तसंच राहिलं. अगं बाई, मी हे काय केलं! तिच्याच कुळाचं देवक तिला चारलं!

दुसऱ्या दिवशी तिनं पुडीशिवाय आमटी केली. पोरीनं दोन घास घेतले आणि ताटली सरकवली.

तिसऱ्या दिवशी पूड परत पडली. त्यानंतर दोन वर्षं पडत राहिली.

केवीनानं विचारलं, "आजी, हे काय घालतेस?"

"माती आहे वारुळाची," नालवोगा म्हणाली. आणि ते काही अगदीच खोटं नाही, वारुळावरचंच आहे ना, अशी मनाची समजूत घातली. मनाला काय, घालाल तशी समजूत घालून घेतं. पण पोटात ते काट्यासारखं रुतून बसलं होतं. रविवारी चर्चमध्ये पापं कबूल करायला जायची, शेजारणीचा हेवा केला म्हणायची, सालोंगोला शिव्या दिल्या म्हणायची आणि हे तेवढं गिळून घरी यायची. सहाव्या वर्षी केवीनाचे पुढचे दोन दात पडले. सगळ्याच पोरांचे पडतात. नालवोगानं मात्र ते दात हातात घेतले आणि ती रडायलाच लागली.

"काय गं, पोरीचे दात पडले म्हणून कुणी रडतं का?" सालोंगोनं विचारलं.

"तू तुझं बघ!" ती खेकसली.

त्याच वर्षी निरोप आला. देओच्या घरी कुळातल्या पोरांचा विधी होता, केवीनाचाही करायचा होता. या विधीत प्रत्येक पोराची जपून ठेवलेली वाळकी नाळ केळ्याची दारू, दूध आणि पाणी घातलेल्या टोपलीत सोडतात. तरंगली तर पोर कुळाचं. बुडाली तर आईनं ते कुठून आणलं याची चर्चा. केवीनाची नाळ प्रोस्कोवियानं एका डबीत ठेवली होती. ती डबी आता नालवोगाच्या फळीवर होती, पुडीच्या डब्याला लागूनच.

आठ दिवस बाईच्या घशाखाली घास उतरला नाही. नाळ बुडणार. दोन वर्षं देवक चारलंय, बुडणार नाही तर काय होणार? आणि बुडाली की बोट कुणाकडे जाईल? माझ्याकडे नाही. केळीच्या बागेत पुरलेल्या माझ्या लेकीकडे. ती बिचारी उठून सांगणारही नाही की मी कुणाच्या अंथरुणात गेले नव्हते, माझ्या आईनं आमटीत घाण केली. आधीच सांगून टाकावं, असं नालवोगानं ठरवलं. वाटभर शब्द जुळवत गेली. देओच्या आईनं, तेओपिस्तानं, आमच्या रीतीप्रमाणे दारातच गुडघे टेकून तिचं स्वागत केलं. बाई करारी, पाठ ताठ. नालवोगानं तोंड उघडलं आणि म्हणाली, "प्रवास बरा झाला."

नाळ तरंगली. बायकांनी आनंदानं किलकाऱ्या मारल्या, ढोल वाजला, केवीनाला कुळातलं नाव मिळालं. नालवोगा ओक्साबोक्शी रडली आणि सगळ्यांना वाटलं, लेकीच्या आठवणीनं. तेओपिस्तानं तिचे दोन्ही हात धरले. "विहीणबाई, आईवेगळी पोर जपलीत तुम्ही. आम्ही तुमचे उपकार कधी फेडू?" त्यापेक्षा तिनं चार मुस्कटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. आता केवीना तिथेच राहणार होती, तिथल्याच शाळेत जाणार होती. नालवोगा एकटीच घरी परतली आणि सुटले एकदाची, असं म्हणायचा तिनं बराच प्रयत्न केला.

तीन आठवड्यांनी दारात भाड्याची मोटारसायकल थांबली. तेओपिस्ता उतरली. मागे केवीना होती, गाल बसलेले, डोळे मोठे झालेले. पोर आत धावली. तेओपिस्ता चटईवर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"विहीणबाई, पोरगी जेवत नाही. मी सगळं करून बघितलं. म्हणते आमटीत माती घाल. आजी घालते म्हणते, वारुळाची! मी म्हटलं, हे काय नवीन? गरोदर बाई माती खाते ते ठाऊक आहे मला, पण पोरीला? खरं सांगा, माती चारलीत तुम्ही तिला?"

सुटकेचा दरवाजा उघडा होता. हो म्हटलं की झालं. विहीण दोन शब्द बोलली असती, मूठभर माती घेऊन गेली असती आणि प्रकरण मिटलं असतं. नालवोगा "हो" म्हणणारच होती. तेवढ्यात आतून केवीनाचा आवाज आला. ती फळीखाली उभी राहून डब्याकडे हात लांबवत होती. तिचे दंड काठीसारखे झाले होते. खरी माती घातली तर ही ताटली सरकवणार, परवा परत सरकवणार. नालवोगा उठली, डबा काढला आणि विहिणीच्या पुढ्यात ठेवला.

"माती नाही. अळंबी आहे."

तेओपिस्तानं डबा उघडला, वास घेतला आणि बराच वेळ बंदच केला नाही. मग बोलली तेव्हा 'तुम्ही' गळून पडलं होतं. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून होतं."

"आणि माझ्या दारात येऊन नाळ सोडलीस? माझ्या नवऱ्याच्या भावांसमोर? मी तुझे हात धरले गं! सगळ्यांदेखत हात धरले!"

"मारा मला. पण ती खात नव्हती हो. मरत होती."

"आमच्या घरी पाठवायची होतीस! आम्ही काय मेलो होतो?" तेओपिस्ताचा आवाज फुटला. ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. नालवोगाला वाटलं, आता ही मोटारसायकल बोलावणार, पोर घेऊन जाणार आणि कुळात बोंब ठोकणार. आणि तेच व्हावं, असंही तिला वाटलं. पण तेओपिस्ता परत आत आली.

"देओला सांगणार नाही. कुळात कुणालाच नाही. पोरीसाठी म्हणून, तुझ्यासाठी नव्हे. पंधरा दिवस शाळेला सुट्टी आहे. तुझ्या हातानं सवय लावलीस, आता तुझ्याच हातानं सोडव. मी न्यायला येईन तेव्हा ही माझ्या घरचं अन्न खाणारी असली पाहिजे."

ती गेली. पुडीचा डबा चटईवर तसाच होता.

पहिल्या दिवशी नालवोगानं नेहमीएवढी चिमूट घातली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. आयुष्यात कधी मोजून मीठ न घातलेली बाई आता नखाच्या टोकावर पूड घेऊन दाराच्या उजेडात बघायची. पाचव्या दिवशी निम्मी, आठव्या दिवशी नावापुरती. पूड कमी तसा तिनं बाकीचा गोंधळ वाढवला. भाजलेला कांदा घातला, धुरावलेली सुकट घातली, एक दिवस चक्क पिकलेला फणस कुस्करून घातला.

सालोंगो ताटली घेऊन आला, म्हणाला, "आज माझी दुसरी चप्पल पण गेली वाटतं."

केवीना खदखदा हसली आणि ताटली पुसून खाल्ली.

बाराव्या दिवशी नालवोगानं डबा उघडलाच नाही. नुसते दाणे, कांदा आणि मीठ. तिनं केळीच्या पानाची गाठ सोडली. केवीना खाली बसली, बोट बुडवलं, चाटलं. 

"छान झालीय," केवीना म्हणाली. आणि खात सुटली. मान वर, पाय हलवत, मधेच कोंबडीला हुश हुश करत. डोकं ताटलीत घालून नाही. प्रोस्कोवियासारखी मुळीच नाही. एक सहा वर्षांची पोर, दुपारचं जेवत होती.

नालवोगा चुलीपाशी बसली ती बसलीच. बारा दिवस! बारा दिवसांत झालं. आणि दोन वर्षांत तिनं प्रयत्न केला होता किती? एकदा. एक दिवस, दोन घासांपुरता.

पंधरवड्यानं तेओपिस्ता आली. केवीनानं गुडघे टेकून नमस्कार केला आणि शेजारी सालोंगोच्या जुळ्या पोरांकडे पळाली. अंगावर मांस आलं होतं, ते विहिणीला लांबूनच दिसलं असणार.

"खाते?" तेओपिस्तानं विचारलं.

"खाते. नुसत्या दाण्यांची."

"मग तुला रडायला काय झालं?"

नालवोगानं डोळे पुसले नाहीत. "विहीणबाई, तुम्हाला मी सांगितलं की पोर मरत होती, तिच्यासाठी घातलं. चर्चमध्ये देवालाही मनातल्या मनात तेच सांगत आले. खोटं आहे ते. पहिला आठवडा असेल तिच्यासाठी. पुढची दोन वर्षं ताटलीवर वाकलेली माझी लेक दिसायची मला, म्हणून मी घालत होते. पोर नव्हती हो मागत. मीच मागत होते."

 तेओपिस्तानं चपला काढल्या, चुलीपाशी आली, "जरा सरक," म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली.