पहिल्या तुकडीतली बाई

जिल्हा नवा झाला तेव्हा कचेरीत आधी माणसं आली, खुर्च्या नंतर. त्या पहिल्या तुकडीत मी होते. जुन्या जिल्ह्यातून जमिनीची दप्तरं ट्रकनं आली, ती मी फरशीवर बसून गावागावाप्रमाणे लावली. आखाडा बाळापूरच्या आमच्या बौद्ध वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेली मी पहिली बाई. गाडीतून उतरले की लोक 'बाईसाहेब' म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

तिसऱ्या वर्षी आमच्या साहेबांनी साखरा गावाची फेरफाराची वही मागवली. जमीन कुणाकडून कुणाच्या नावावर गेली, त्याच्या नोंदी त्यात. दुपारी नेलेली वही संध्याकाळी परत आली, तेव्हा एक पान फाडलेलं होतं.

"साहेब, पान?"

"दप्तर आलं तेव्हापासून तसंच आहे. बराबर ना? लिहून द्या."

मी लिहून दिलं.

आठ दिवसांनी साखऱ्याची एक विधवा कोर्टातल्या दाव्यासाठी नक्कल मागायला आली. सासऱ्यानं तिच्या नवऱ्याच्या नावे केलेलं रान दिरानं बळकावलं होतं. नोंद त्याच पानावर होती. मी वही तिच्यासमोर उघडली.

"न्हाई कशी? आमच्या यांनी सोता पाह्यली व्हती. तुमी नीट पाहा, बाई. तुमी तर आपल्यातल्याच."

"मावशी, जे आहे ते समोर आहे," मी म्हणाले.

ती दावा हरली. मला बढती मिळाली. साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात 'विश्वासू' असं लिहिलं. इतका घाणेरडा शब्द मला पुन्हा कुणी लावला नाही.

गेल्या वर्षी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. जिल्ह्याचा पाया घालणारी म्हणून शाल, नारळ, भाषणं झाली. पुढच्या आठवड्यात साखऱ्याला गेले. ती विधवा, आता म्हातारी, दिराच्या रानात रोजानं सोयाबीन खुरपत होती. ते रान तिचंच. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिचं खुरपं थांबलं नाही.

"हे कोर्टात सांगता का?"

माझ्या डोळ्यांपुढे चौकशी आली, पेन्शन आली.

"मंग काहून आलात?" ती म्हणाली. "सरका, माझ्या पातीत उभ्या हायात."

मी बांधावर आले. ती पुढच्या ओळीला लागली. फाट्यावर जीपमध्ये ओळखीच्या माणसानं "या बाईसाहेब" म्हणून खिडकीजवळची जागा दिली. मी बसले.