वाढीव जागेवरची पोरगी

एकदा मी बेशुद्ध पडल्याचं सोंग केलं होतं. स्वतःच्याच स्वयंपाकघरात, पुसलेल्या फरशीवर, पदर चापूनचोपून घेऊन. बेशुद्ध बाईचा पदर इतका नीट नसतो, एवढंही माझ्यातल्या त्या शहाणीला सुचलं नाही. साठी ओलांडली की अक्कल आपोआप येते, असा तेव्हा तिचा समज होता.

झालं असं, की अमरावतीत आमच्या घरामागच्या नर्सिंग कॉलेजात त्या वर्षी जागा वाढवल्या. पोरी वाढल्या, होस्टेलच्या खाटा तेवढ्याच राहिल्या. दूर जंगलातल्या सेमाडोहकडची एक पोरगी खोली विचारत दारात आली. खोली मिळाली नाही तर बाप तिला परत नेणार होता. तो फाटकाबाहेर पिशवी धरून उभाच होता. मी म्हटलं, "पाहुणे वाढले का वरणात पाणी. वाढीव जागेवरची तू. महिनाभर पाहतो तुले काय येते ते, मग ठरवू."

आणि हे बोलत कोण होतं? यजमानांच्या आजारपणात अकोल्याच्या दवाखान्यात जिने एकच सिस्टर अख्ख्या वॉर्डात धावताना पाहिली होती ती. सलाइन संपलं की त्या सिस्टरच्या मागे चकरा मारणारी मीच. हात कमी पडतात हे मला चांगलं ठाऊक होतं. पण नवे हात माझ्याच उंबऱ्यात आले, तर माझं नाक वर.

महिना संपत आला. परीक्षा घ्यायची राहिली होती. एका दुपारी ती फाटकातून येताना दिसली, तशी मी आडवी झाले.

पोरगी किंचाळली नाही. खांदे हलवून हाका मारल्या, श्वास पाहिला, मला कुशीवर वळवलं. कुंपणापलीकडच्या शेजारीण आपांना ओरडून सांगितलं, "आपा, ऑटो बोलवा, लवकर." आणि मग माझ्या तोंडात बोट घालून ढिली कवळी काढून घेतली, घशात जाऊ नये म्हणून.

त्या कवळीची खबर माझ्या सुनेलाही नव्हती. मी ताडकन उठून बसले. तोवर आपा दारात.

"काहो काकू," त्या म्हणाल्या, "मले तर रोज सांगता, कडुलिंबाच्या काडीनं बत्तीसच्या बत्तीस टिकले म्हणून."

मी आडवी होते तोवर त्या पोरीचे हात अगदी स्थिर होते. मी उठल्यावर थरथरायला लागले. घाबरणं नंतरसाठी राखून ठेवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आज अकोल्यात तिच्या वॉर्डातले रोगी तिच्या पावलांच्या आवाजानेच निवांत होतात, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

त्या दिवशी मात्र तिने कवळी धुऊन वाटीत घालून माझ्यापुढे ठेवली आणि खोलीत जाऊन पिशवी भरायला घेतली. मी बोळक्या तोंडानेच मागे गेले. "चुकलं माझं. खोली तुझीच आहे. जाऊ नको."

पिशवीत अर्धे कपडे गेले होते. हातातला दुपट्टा तिने परत खाटेवर ठेवला. मग म्हणाली, "राहतो, आजी. पण माह्या वर्गातली एक पोरगी अजून जागा पाहून रायली, तिले बी घ्या. आज एकटीले जमलं नाही मले. दोघी असलो का एक तुमच्यापाशी थांबन, दुसरी ऑटो पाह्यन."