आमच्याकडं शुगर कुणालाच नाही

सातव्या महिन्यात मला तपासायला बीडच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा माझ्या एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला सासूबाई. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढून विचारलं, "घरात कुणाला शुगर?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "न्हाई बाई. आमच्याकडं कुणालाच न्हाई."

मी बघतच राहिले. माझ्या वडिलांच्या पायाचं बोट शुगरपायीच कापावं लागलं होतं. आजीची नजरही त्याच दुखण्यानं गेली. पण माझी सोयरीक जमवताना आईनं बोटाची हकीकतच बदलली. म्हणे, ऊस तोडताना कोयता लागला! वडिलांनी जन्मात कधी उसाला कोयता लावला नाही. घरापासून पारापर्यंत जायला त्यांना मोटारसायकल लागते, आणि वाटेत चार घरी गोडमिट्ट चहा होतो. माझ्या सासरच्या, आष्टीच्या शहाण्या माणसांनी तो कोयताही खरा मानला.

लग्नापुरती मीही गप्प बसले होते, हे कबूल. पण आता गोष्ट पोटातल्या लेकराची होती. डोकं फिरलं माझं. म्हणाले, "खोटं बोलतीय ही. वडिलांना आहे, आजीला होती. आणि या दोघी मला अंगणातसुद्धा फिरू देत नाहीत, वर उठता-बसता डिंकाचे लाडू चारतात."

आईनं दंडाला कचकचून चिमटा काढला. सासूबाई मात्र खाली बघत हळूच म्हणाल्या, "मलाबी हाय, मॅडम. लई वर्सं झाली. गोळी चालू हाय. सोयरिकीच्या वक्ताला आमी बोललो न्हाई."

"म्हंजी तुमी आमाला फसवलं, विहीणबाई?" आई उसळली. चोराच्या उलट्या बोंबा!

डॉक्टरीणबाईंनी दोन्हीकडचं लिहून घेतलं, मला ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं. शुगर निघाली. गोड बंद करा, रोज चाला, बाळंतपणानंतरही तपासत राहा, असं त्यांनी बजावलं. मला रडू आलं. त्यात भीती थोडी होती, संताप जास्त.

बसस्टँडवर दोघी विहिणी बाकड्याच्या दोन टोकांना बसल्या होत्या. आमची गाडी लागली तशा सासूबाई आईकडं सरकल्या.

"विहीणबाई, हे कुठं बोलू नका. उद्या पोरगी झाली तर तिचं जमायचं कसं?"

आईचा राग क्षणात उतरला. "म्या कावून बोलू? कुणालाच न्हाई म्हणायचं."