माजवू नका

वडील मराठीचे मास्तर. निबंधात कुणी किरकोळ गोष्ट फुगवून सांगितली की समासात लाल शाईनं एकच शब्द लिहीत, 'माजवलंस'. अर्थ विचारला तर म्हणत, "रान आपोआप माजतं. स्तोम माजवायला माणूस लागतो." या क्रियापदाची गंमत अशी, की ते करणारा नेहमी दुसराच असतो. 'मी माजवलं' असं म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही.

शेवटच्या आजारात अंबाजोगाईच्या दवाखान्यात त्यांनी मला जवळ बसवलं. "माझा दहावा साधा कर. भोंगा नको, भाषणं नकोत. मेल्यावर मला माजवू नका." मी हो म्हणालो.

ते गेले. दहाव्याला आमच्या घाटनांदूरला ओढ्याकाठी चुलत्यांनी मंडप टाकला, दोन भोंगे बांधले. मी वडिलांचं म्हणणं सांगितलं. "अरे, जाणारा असंच म्हणतो," चुलते म्हणाले. "लोकांत तोंड मला दाखवायचंय."

आमच्याकडे दहाव्याला पुढारी श्रद्धांजली वाहतात. त्या दिवशी आठ जण बोलले. मराठवाडा पोरका झाल्याचं तिघांनी सांगितलं. त्यातल्या एकानं माईक हातात घेतल्यावर शेजाऱ्याला विचारलं, "सर शिकवायचे काय बे?" ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं.

पिंड मांडून तास झाला. भोंग्याच्या आवाजानं कावळा फिरकेना. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. मुलानं हात जोडून बोलावं."

इच्छा मला ठाऊक होती. बोलायला तोंड उघडणार, तोच एका पुढाऱ्यानं माईक ओढला. "सरांची इच्छा आम्ही वळखली हाय! गावाच्या येशीत सरांच्या नावानं कमान उभी करू!" दहाव्याला टाळ्या वाजल्या. चुलत्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा खांदा दाबला आणि माईक माझ्यापुढं धरला.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी हात जोडले आणि म्हणालो, "कमान बांधू."

तरीही कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी जेवायला उठली.

आई घरी होती. भोंगे तिथवर ऐकू येत होते. मी आत आलो तेव्हा तिनं मान वर केली नाही.

"दुसऱ्यांचं सोड," ती म्हणाली. "पर तू कावून बोल्लास रे तसं?"

मी पायावर पाणी घेत राहिलो.