पंखा बंद ठेवून बसवायचा पडदा

"पंखा थांबला बघा. चाचानं कुणाचं तरी पोट फाडलं," शेजारचा झेरॉक्सवाला त्याच्या गिऱ्हाइकाला म्हणाला आणि निमूटपणे स्वतःचाही पंखा बंद केला. दोन दुकानांच्या मध्ये भिंत नव्हतीच, प्लायवूडचा अर्धा आडोसा होता. फाडलेलं पोट मी आणलेल्या कॅमेऱ्याचं होतं.

धुळीचा एवढा द्वेष करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि दुकान मात्र गुलमंडीच्या मागच्या अशा बोळात, जिथे धूळ सकाळी येते ती मुक्कामालाच. त्यामुळे कॅमेरेवाल्या चाचांनी एकदा कॅमेरा उघडला की पंखा बंद, बोलणं बंद, शिंक आली तर चौकापर्यंत चालत जायचं. "बातां नक्को. सांस भी धीमे," एवढं बजावून ते चिमटा उचलत. एकदा भर एप्रिलमध्ये एक वाहतूक पोलीस 'रस्त्यातली गाडी कुणाची' म्हणून ओरडत आत आला. चाचांनी वर न बघता ओठांवर बोट ठेवलं. तो बिचारा टोपी काढून दहा मिनिटं घाम पुसत उभा राहिला. काम संपल्यावर चाचा म्हणाले, "हां, आता बोला. माझीच हाय."

गिऱ्हाइकाचं नाव ते विचारत नसत, कॅमेऱ्याचं वय विचारत. कुणी डिजिटल कॅमेरा आणला तर दोन बोटांनी परत सरकवत. "ह्यो टीव्ही हाय. टीव्हीवाल्याकडं न्या." त्यांच्या मुलाने एकदा त्यांना फोटो काढायला म्हणून वेरूळला नेलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते कैलास लेण्यासमोर कॅमेरा धरून उभे राहिले आणि एकही फोटो न काढता घरी आले. "उजेड नाराज होता," म्हणाले. मुलगा अजून ते ऐकवतो.

मी मात्र त्यांची लाडकी. "ह्या पोरीचं काम पहिलं. बोलत नाय, लई शहाणी." शहाणपणाचा यात काही संबंध नव्हता. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून मी गप्प असायचे आणि गल्लीत मराठी चुकेल म्हणून. पण आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या गप्प बसण्याचं कुणी कौतुक करत होतं, तेव्हा मी तेही गप्प बसून ऐकून घेतलं.

कॅमेरा बाबांचा. बाबा एसटीत ड्रायव्हर. आमच्या सगळ्या वाढदिवसांचे फोटो त्यांनीच काढले, म्हणून ते स्वतः एकाही फोटोत नाहीत. आता दोन दिवसांनी त्यांची शेवटची ड्यूटी होती, कन्नडची गाडी. खाकी कपड्यांत, स्टिअरिंगवर हात ठेवलेले बाबा मला त्यांच्याच कॅमेऱ्यात हवे होते. पण आत डोळा लावला की सगळं जुन्या तेलासारखं पिवळट, अंधुक दिसे. लेन्समधून आलेलं चित्र ज्या चौकोनी काचेवर उमटतं, तिला चाचा पडदा म्हणत. तो पडदाच गेला होता. नवा कुठे मिळत नाही. मग मेलेल्या कॅमेऱ्यांच्या डब्यात चाचांनी तीन आठवडे शोध घेतला आणि मी रोज संध्याकाळी स्टुलावर बसून बघत राहिले. मिळाला तेव्हा माझ्या बोटाला लागू न देता, नखभर अंतरावरून दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवला. "खरखरीत बाजू खाली, आरशाकडं. चिकनी वर. उलटा बसला तर डोळ्याला साफ दिसतं बेटा, आणि फोटोत नुसता धूर."

आज तो बसत होता. चाचांनी एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला होता. झेरॉक्सवाला आडोशावर हनुवटी टेकून बघत होता. "चाचा, आता तिसरा चष्मा घ्या," हे तो महिनाभर रोज म्हणत होता आणि चाचा रोज हसत होते, फक्त अलीकडे थोडं उशिरा. चिमट्यातला पडदा उजेडात चमकला, थरथरला, आत उतरला. मी नीट पाहिलं. खरखरीत बाजू वर होती.

चाचांनी वरची पट्टी दाबली. स्क्रूकडे हात नेला.

चूक सांगितली तर झेरॉक्सवाल्याला वर्षभराचा विषय मिळणार होता, आणि या बोळात चाचांना आजवर कुणी चूक दाखवलेली नव्हती. नाही सांगितली तर बाबा धुरात. घाम माझ्या कानामागून मानेवर उतरला. पहिला स्क्रू बसला. दुसऱ्याला चाचांचा हात दोनदा चुकला, आणि त्यांनी हळूच, कुणाला दिसू नये असा, तो हात सदऱ्याला पुसला.

"चाचा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

झेरॉक्सवाल्याची हनुवटी वर झाली. चाचांचा चिमटा हवेतच थांबला. दोन चष्म्यांमागून ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते, पण त्यांना कळलं असावं.

"तो पडदा परत काढा ना. मला बसवू द्या. मला शिकायचंय तुमच्याकडून."