थंड जिलेबीचे आप्पा

आप्पा जिलेबीची टोपली स्वतःच्या खुर्चीखाली ठेवायचे. ग्रामसभा संपेपर्यंत कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आमच्या तापीकाठच्या गावात पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर तिथंच सभा भरते. इतर गावांत लोक जिलेबी खाऊन पांगतात आणि सभा कागदावर होते. आप्पांना ते चालत नसे. दोरी बांधून ओरडायचे, ‘‘झेंडा वर गया, आते तोंडं उघाडा!’’

आप्पा आमचे शेजारी. केळीचे बागायतदार, हट्टी, बोलायला लागले की थांबत नसत. झेंड्याची गाठ त्यांनीच मारायची. म्हणायचे, ‘‘घट्ट मारी ते झेंडा उघडस नही, ढिली मारी ते अर्ध्या वाटमा सुटस. देश बी तसाच शे.’’

मी चौथी शिकले. इंग्रज गेले एवढं पुस्तकात होतं, बाकीचं आप्पांनी सांगितलं. इंग्रजाला घालवायला सगळ्यांनी एक गाठ मारली, ते बरं केलं. मग प्रत्येकाला मत मिळालं, बोलायचा हक्क मिळाला, तेही बरं. आणीबाणीत बोलणारे तुरुंगात गेले, तेव्हा गाठ फार घट्ट झाली होती. लोकांनी ती मतांनी सोडवली.

मागच्या वर्षी सभेत जमनाबाई बोलायला उभी राहिली. तिचं डोंगरातलं गाव धरणात बुडालं, सरकारनं त्यांना आमच्या शिवारात वसवलं. वस्तीला स्मशान नाही. सासूला तिनं शेजारच्या गावात विनवण्या करून पुरलं होतं. तिनं नाल्याकाठची पडीक जागा मागितली.

आप्पांचा पुतण्या सुभाष ओरडला, ‘‘आज देशना दिन शे, रडगानं नको!’’

आप्पा म्हणाले, ‘‘तिनी देशले गाव दिन्हं. तू काय दिन्हं रे, आरोळ्या?’’

लोक हसले. पण सरपंचांनी विषय पुढं ढकलला, आणि हिवाळ्यात आप्पा गेले. दुखणं लांबलं नाही, ते बरं झालं.

यंदा दोरी सुभाषच्या हातात. मला वाटलं, संपली सभा. झेंडा वर गेला आणि गाठोड्यासारखा तसाच राहिला. सुभाष घामाघूम होऊन ओढतोय.

मी ओरडले, ‘‘मुडद्या, ओढू नको! आधी ढील दे, मग झटका!’’

झेंडा उघडला. पाकळ्या त्याच्याच डोक्यावर पडल्या. त्यानं वर पाहिलं, मग टोपली उचलून आप्पांच्या रिकाम्या खुर्चीखाली सरकवली.

‘‘जमनाकाकी,’’ तो म्हणाला, ‘‘मागल्या सालले तुन्हं राही गयथं. बोल.’’

ती बोलली. बराच वेळ वाद झाला, गावातले दोघं तणतणत उठूनही गेले. शेवटी हात वर झाले, सुभाषचाही. नाल्याकाठची जागा वस्तीला द्यायचं ठरलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

मग टोपली बाहेर आली. जिलेबी थंड, चिवट झाली होती. जमनाबाईनं दोन घेतल्या. गरम जिलेबी आमच्या गावात कोणाला आवडत नाही.